रुथने चर्चमध्ये केलेली माझी चहाडी

अगं, मागच्या रविवारी आमच्या बाळकुमच्या चर्चमध्ये काय झालं सांगते. पाळकसाहेबांनी मुलांना विचारलं, "घरी प्रार्थना कोण करतं?"

माझ्या रुथने लगेच हात वर केला. "माझी मम्मी! मी पाढे चुकले की ती जाम ओरडते. मग किचनमध्ये जाऊन 'प्रभू, मला धीर दे' म्हणते, आणि बाहेर येऊन मला सॉरी म्हणते."

सगळं चर्च हसलं. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं.

साहेबांनी विचारलं, "मग तू काय करतेस?"

"मी तिला माफ करते. मग आम्ही परत पाढे म्हणतो."

साहेब म्हणाले, "बघा, हिच्या घरी माफी मागतातही आणि देतातही."

शेजारी बसलेल्या बाईंनी हळूच विचारलं, "तुमचीच का हो ती?"

मी चांगलं मोठ्याने म्हटलं, "हो, माझीच!"