बैरंग पाकीट

आमचं घर मूळचं गांधीबागेतलं. बाबा कापडाच्या ठोक दुकानात मुनीम होते, मीही तिथंच हिशेब शिकलो, आता वाडीले ट्रान्सपोर्टच्या गोदामात जमाखर्च पाहतो. दुकानातलं जुनं टपाल रद्दीत जाये, त्यातून मले तिकिटं ओळखायचा नाद लागला. शिक्का साफ आहे का, दाते तुटले का, उजेडात धरलं तर कागदातली खूण दिसते का, हे पाहून मी किंमत सांगतो. लोकांले वाटते राजाचं डोकं असलं की सोनं, मी म्हणतो हे ढिगानं छापले होते, काही येत नाही. लोक नाराज होतात, पण मी खोटं सांगत नाही.

बाबाही तसेच. बैरंग पत्र, म्हणजे बिनतिकिटाचं, ज्याचे दुप्पट पैसे घेणाऱ्यानं भरायचे, ते आमच्या घरी घेतच नसत. ज्याले गरज आहे त्यानं तिकीट लावावं, म्हणत. मीही हे पोरांले तोऱ्यात सांगत आलो. आणि हेही सांगत आलो, की काटोलकडच्या आत्यानं पोरीच्या लग्नाले, शांताताईच्या लग्नाले, सख्ख्या भावाले बोलावलं नाही. बाबा मरेपर्यंत हेच म्हणत होते. जाणंयेणंच तुटलं होतं.

बाबा गेले तेव्हा आत्या आली, मग येतच राहिली. एकदा जुन्या पाकिटांची पिशवी घेऊन आली. म्हणे, बाबू, तुले तिकिटातलं समजते म्हणतात, पाय बरं काही येते का. मी एकेक उजेडात धरून सांगून राहिलो, हे साधं, हे फाटकं, आणि खाली एक न उघडलेलं पाकीट निघालं, त्यावर तिकीटच नाही. ती म्हणे, ते राहू दे गा, त्याचं काय येईल. मी म्हटलं, आत्या, शौकीन लोक अशालेच जास्त देतात, हा बैरंगचा शिक्का, हा परतीचा, आणि हे पोस्टमननं लिहिलं, घेण्यास नकार. बोलता बोलता पत्ता वाचला. बाबाचं नाव होतं.

कशाचं होतं, मी विचारलं. शांतीच्या लग्नाचं, म्हणे. मग तिकीट काहून नाही लावलं, पैसे नव्हते का? ती हसली. पैसे होते ना गा. तिकिटाचं पत्र हरवते, बैरंगचे पैसे वसूल करायचे असतात म्हणून पोस्टमन घरापर्यंत येतेच, आमचे मास्तर म्हणत. सख्ख्या मामाचं बोलावणं, चुकू नये म्हणून तसं टाकलं.

काय सांगू तुम्हाले, चुकलं नव्हतंच ते, आमच्या दारापर्यंत आलं होतं. पोरीच्या मागं मामा म्हणून गावातला कोणी उभा केला म्हणे. मले वर पाहवेना. ती म्हणे, तुह्या बापानं नाही घेतलं म्हणून त्याची किंमत वाढली ना, भावानं बहिणीले काहीतरी देलं म्हण. मग हळूच म्हणे, शांतीले नको सांगू, तिले मी मामा आजारी होता म्हणून सांगतलं.

आम्ही नात्यागोत्यात तिची बदनामी करून राहिलो होतो, आणि ती तिकडे बाबाची अब्रू झाकून बसली होती.

बाकीची पाकिटं विकली, ते तिनं परत नेलं. आता ती थकली. मी भेटाले जातो तेव्हा शांताताई चहा देते, कधीमधी विचारते, काय रे भाऊ, मामाले तेव्हा झालं काय होतं? आत्या भिंतीकडे तोंड करून पडली असते. मी म्हणतो, ताप होता ताई, लय ताप होता.