पेपर गोळा झाल्यावर

परतूर स्टेशनावर तिकिटाची रांग काही हलेना, म्हणून तृप्तीचे कान पुढं उभ्या असलेल्या रिटायर मास्तरांकडं आणि त्यांच्या लेकीकडं लागले.

"सांग ना ज्योत्स्ना, तिकडं बेंगलोरात कशावर काम करून राह्यलीस?"

"कर्नेलमधी, म्हणजे कंप्युटरच्या गाभ्यात, एक तपासणी बसवली, बाबा. मेमरीच्या ज्या पानावर लिहिता येतं, त्यावरचे हुकूम मशीननं पाळायचे न्हाईत. पाळायचे असतील तर आधी लिहिणं बंद."

"अन् बंद न्हाई केलं तर?"

"एखादा चोर मधीच काहीतरी खरडून जातो, अन् मशीन डोळे झाकून तेच करतं."

"म्हणजे पेपर गोळा झाला की पेन खाली."

"बराबर!"

"ओळखीच्याला सूट?"

"बिलकुल न्हाई. सातवीत तुम्ही दिल्ती का? घंटा झाली अन् सगळ्यांत आधी माझाच पेपर ओढला. एकच ओळ राह्यल्ती."

"तीन मार्क गेल्ते तुझे."

"त्या दिशी जेवले नव्हते मी."

"मी तरी कुठं जेवल्तो, माय?"

"मंग आईनं झाकून ठेवलेलं दुसरं ताट... तुमचं होतं?"

रांग पुढं सरकली. तृप्तीनं त्या दोघांना पुढं व्हा म्हटलं नाही.