पाच वेळचा गजर

लेक : मागच्या खेपेला हेच केलंत, अब्बा. डायलिसिसचं मशीन चालू, हाताला सुई, दीड तास बाकी. आणि असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ निघून चालली म्हणून सिस्टरला सुई काढायला लावलीत. पायांकडे बघा जरा. चप्पल चढत नाहीये.

अब्बा : उतरेल सूज.

लेक : डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं अर्धवट सोडलंत तर जिवावर बेतेल.

अब्बा : चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली. आता स्वतःची वेळ चुकवू?

लेक : चुकवू नका ना. दुपारच्या जोहरची वेळ झालीच आहे. ती पढा आणि लगेच असरही पढून घ्या, मग निघू. इमामसाहेबांना विचारून आलेय मी. आजाऱ्याला दोन्ही एकत्र पढायची मुभा आहे म्हणाले.

अब्बा : माहितीय मला.

लेक : माहितीय? मग आठ दिवस माझ्याशी वाद कसला घालताय?

अब्बा : ती मुभा तुझ्या अम्मीलाही होती. हाडांत शिरलं होतं दुखणं तिच्या. कूस बदलताना कळवळायची. "दोन नमाजा एकदम पढू का?" एकदाच विचारलं तिनं. मी म्हटलं, ही पळवाट झाली. आणि हे घड्याळ तिच्या उशाशी आणून ठेवलं. पाचही नमाजांच्या वेळी वाजणारं. मोठ्या हौसेनं जुळवलं होतं गं. तिला जे दिलं नाही, ते मी कोणत्या तोंडानं घेऊ?

लेक : एक सांगू? रागावणार नाही ना?

अब्बा : रागवायला त्राण कुठंय.

लेक : तुम्ही दुकानात गेलात की अम्मी जोहरबरोबरच असर पढून टाकायची. रोज. घड्याळ रजईत गुंडाळून ठेवायची, आणि मी खिडकीत उभी. तुम्ही येताय का बघत.

अब्बा : माझ्यावर पहारा?

लेक : हो.

अब्बा : हसायची का ती?

लेक : कधी कधी. म्हणायची, आज घड्याळजींना फसवलं.

अब्बा : बरं झालं. फार बरं झालं. आणि संध्याकाळी?

लेक : गाडी येईल आता. वजूला, हातपाय धुवायला पाणी आणते.

अब्बा : मगरिब आणि रात्रीची इशा. त्या कशा पढायची?

लेक : संध्याकाळी तुम्ही घरी असायचात, अब्बा.

(अब्बा सदऱ्याच्या बाह्या वर सारतात.)

अब्बा : आण पाणी. दोन्ही आत्ताच पढतो. असरचा गजर बंद कर.

लेक : इशाचाही करते. थकून याल तुम्ही, मगरिबबरोबरच पढून घ्या.

अब्बा : घेईन. पण तो गजर राहू दे.

लेक : कशाला आता?

अब्बा : तो वाजला की ती भिंत धरून उठायची, आणि मी समोर बसून बघायचो. वाजू दे.