तेल गेलं कुठं

आमच्या चुलत्यांचं, आबांचं नाव निघालं की माझं डोकं अजून फिरतं. त्यांना बारामतीच्या बाजारात जायचं हुतं म्हणून मी माझी डिझेल गाडी काढली. सणसरजवळ ऑइलचा लाल दिवा लागला. टेप बंद केला तर इंजिन खडखडत हुतं. तेलाची पट्टी काढून बघितली, कोरडी ठाक. गाडीखाली आडवा झालो, शर्ट मळला, पण गळती कुठंच न्हाय.

आबा आत बसून ऊस खात हुते. शेवटी म्हणाले, "उगं शोधतूस. सकाळी निम्मं तेल मीच काढलंय. पाटाच्या पाण्याची पाळी हुती, आन पंपाच्या इंजिनात तेल न्हवतं."

"आबा, मग निघताना सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं असतं, तर तू गाडी काढली असतीस का?"