हजेरीतलं एक नाव

(परंपरावादी युवक संघटनांच्या आंतरराष्ट्रीय आघाडीचं अधिवेशन उद्या सकाळी प्रतिनिधींची हजेरी घेऊन सुरू व्हायचं आहे. सभागृहामागच्या खोलीत चिटणीसबाई देशांच्या नावांच्या पाट्या पुसत बसल्या आहेत. समोर पन्नाशीची एक बाई उभी, हातात पत्र.)

बहीण : म्हणजे खाली सही तुमचीच ना?

चिटणीसबाई : सही अध्यक्षांची. माझी आपली कोपऱ्यात, पत्र रवाना केल्याची. बसा ना. ती खुर्ची नको, डुगडुगते. ही घ्या.

बहीण : मी उभीच बरी. "आपल्या बंधूंचे नाव यंदापासून हजेरीतून सन्मानपूर्वक कमी करण्यात येत आहे." सन्मानपूर्वक! चौतीस वर्षं दरसाल नाव पुकारलंत, आणि आता अचानक नको झालं?

चिटणीसबाई : मला कशाला नको होईल? ठराव झाला. अध्यक्ष नवे आहेत, एकोणतीस वर्षांचे. म्हणाले, आपली संघटना तरुणांची, पस्तिशी उलटली की नियमानं बाहेर. आणि यादीत हे एक गृहस्थ साठीचे.

बहीण : जुनं जपा, जुनं जपा म्हणून जगभर सांगत फिरता. एक जुनं नाव जड झालं?

चिटणीसबाई : अगदी हेच म्हटलं मी बैठकीत. सगळे खो खो हसले. हसले आणि हात वर करून मोकळे झाले.

बहीण : तुम्ही काय केलंत?

चिटणीसबाई : मला हात नाही. मी पगारी. पोरं येतात, पस्तिशीला जातात, मंत्री होतात, टक्कल पडतं. मी आपली इथंच. यंदा माझंही शेवटचं वर्ष आहे.

बहीण : बाई, माझं एक ऐका. उद्या तेवढं नाव घ्या. माझी आई शहाऐंशीची आहे. आमच्याकडे तुमच्या संघटनेवर बंदी होती तेव्हा रेडिओ उशीखाली घेऊन तुमची हजेरी ऐकायची. आता फोनवर बघते. तिचं म्हणणं, एवढ्या देशांतली शिकलेली माणसं नाव पुकारतात, म्हणजे पोरगा कुठंतरी असणार. नसता तर त्यांना कळलं नसतं?

चिटणीसबाई : आम्हाला कोण कळवणार? मी सात पत्रं पाठवली तुमच्या सरकारला. एकाचंही उत्तर नाही.

बहीण : मला कळलंय. नऊ वर्षांपूर्वी तुरुंगाची दप्तरं खुली झाली, तेव्हा मी गेले होते. दादाला आत नेलं, त्याच्या तिसऱ्या महिन्यातच... निमोनिया असं लिहिलंय.

चिटणीसबाई : तिसऱ्या महिन्यात?

बहीण : हो.

चिटणीसबाई : म्हणजे मी पहिल्यांदा हजेरीत गैरहजर म्हणून नाव घेतलं, त्याच्या आधीच.

बहीण : पाणी देऊ का तुम्हाला?

चिटणीसबाई : नको. मी... दरवर्षी नाव घेतल्यावर चार आकडे मोजून थांबायचे. दार उघडलं तर, म्हणून. वेडेपणा नुसता.

बहीण : रागावू नका, पण मी तुम्हाला पुष्कळ शिव्या दिल्यात. इथं बोलावून भाषण करायला लावलंत आणि परत पाठवून दिलंत त्याला.

चिटणीसबाई : पाठवलं? अहो, मी खोली बघून ठेवली होती त्याच्यासाठी. स्टेशनपर्यंत भांडत गेले. राहा म्हटलं, इथं नोकरी लावून देते. तर म्हणाला, माणसानं आपलं घर, आपली माती धरून राहावं असं मी काल व्यासपीठावरून सांगितलं. आज मीच पळालो तर कुठल्या तोंडानं बोलू? आणि घरी आई आहे, धाकटी आहे.

बहीण : धाकटी म्हणाला?

चिटणीसबाई : तिची परीक्षा आहे म्हणाला. गणितात कच्ची आहे, मी नसलो तर आपटेल.

बहीण : आपटलेच की. आलाच नाही ना घरी, सीमेवरच उचलला.

चिटणीसबाई : बसा हो आता. तुमचा फोन वाजतोय.

बहीण : आईच आहे. तिला म्हटलंय, हजेरी बघायला चाललेय. हां, आई. पोचले. हो, खाल्लं. चिटणीसबाईंच्या समोरच आहे. आत्ता? बरं, देते. बाई, तिला तुमच्याशी बोलायचंय. यातलं काही बोलू नका, तुमच्या पाया पडते.

चिटणीसबाई : नाही बोलत. तुम्ही तेवढ्यात बाहेरच्या खिडकीवरून उद्याचा पास आणा. सहाला बंद होते. माझं नाव सांगा... हॅलो, नमस्कार करते, आई.

आई : तूच का ती? आवाज तोच गं. जरा थकलाय. माझी लेक आहे का शेजारी?

चिटणीसबाई : पास आणायला गेलीय.

आई : मग पटकन सांगते. तुला नसेल कळलं तर वाईट वाटेल बाळ, पण माझा मुलगा गेला. फार वर्षं झाली.

चिटणीसबाई : तुम्हाला... तुम्हाला कोणी सांगितलं?

आई : कोण सांगणार? ही त्या दप्तराच्या कचेरीतून आली, त्या दिवशी पोटभर जेवली. एरवी दोन घास चिवडून उठणारी. मला काही कळू नये म्हणून चार पोळ्या खाल्ल्या पोरीनं, हसत हसत. पाचवी वाढताना माझ्या लक्षात आलं. तिला सांगू नकोस हं. नऊ वर्षं लपवतेय माझ्यासाठी, तिचं मन मोडेल.

चिटणीसबाई : मग तुम्ही दरवर्षी हजेरी का ऐकता, आई?

आई : अगं, घरात त्याचं नाव कोणी काढत नाही. मला त्रास होईल म्हणून ही काढत नाही, तिला होईल म्हणून मी. शेजारपाजार तर विसरूनच गेला. वर्षातून एकदा कोणीतरी त्याचं नाव आडनावासकट मोठ्यानं घेतं, ती तूच. यंदा घेणार ना?

चिटणीसबाई : घेईन.

आई : लेक पत्र लपवत होती परवा. काही अडचण आहे का?

चिटणीसबाई : काही नाही. कागद माझ्या हातात, माइक माझ्यापुढं. वाचून झाल्यावर काय करतील? पुढच्या महिन्यात निवृत्तच होतेय.

आई : तू फार भरभर वाचतेस गं. बाकीच्यांचं वाच तसं. पण...

चिटणीसबाई : कळलं. आलीच बघा तुमची लेक. ठेवते, आई.

बहीण : मिळाला पास. काय म्हणाली? संशय नाही ना आला तिला?

चिटणीसबाई : छे. उद्या जरा सावकाश वाच म्हणाल्या.