चौपट उजेड

चंद्रपूरहून पोंभुर्ण्याला जाणाऱ्या एसटीत माझ्यापुढे बापलेक बसले होते. लेकीच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला दुर्बिणीचा आरसा होता, परातीएवढा.

"दिव्यानी, पहिलाच आरसा बरा होता. हा एवढा मोठा काऊन आनला?"

"त्याच्यात तुमाले कृत्तिका दिसल्या नाई, बाबा."

"माये डोळेच गेले, त आरसा काय करन?"

"गेले नाई, कमी झाले. आंगनात ताटली ठेवली आन् परात ठेवली, त पावसाचं पानी कशात जास्त जमते?"

"परातीत."

"तसाच हा आरसा ताऱ्याइचा उजेड जमा करते. रुंदी दुप्पट, म्हनून उजेड चौपट."

"चौपट कसा?"

"हा आडवाबी दुप्पट हाये आन् उभाबी. दोन दुने चार."

"रातच्यान वावरात जागलीले जावो तवा कृत्तिका रोज दिसत. मी मोजो त सहा, तुयी माय म्हने सात. लय भांडो आमी. ते गेली, मंग मी वर पाह्यलंच नाई."

"आज पाहा. याच्यात पन्नासच्या वर दिसतीन."

"पन्नास? मंग तुयी मायच खरी होती म्हन."

"हो, बाबा."

"दे तो आरसा इकडं. समोर रस्ता खराब हाये."