उजळणीचा तास

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या आजोबांना शेजारच्या बाकावरचं बोलणं ऐकायचं नव्हतं. पण डोळे मिटता येतात, कान नाही. मावशी आणि भाची, दोघीही इतिहास शिकवणाऱ्या. मावशी निवृत्त झालेली, भाची नवखी.

"मावशी, सोमवारी पोरांचा इतिहासाचा पेपर आणि झोप माझी उडालीय."

"पेपर तू देणार आहेस की पोरं?"

"चेष्टा नको गं. वर्षभर मी त्यांना एकच शिकवलं. कागद हातात आला की विचारा, हे कुणी लिहिलं, कशापायी लिहिलं, दुसरी बाजू कुठाय."

"मग चांगलंच केलंस की."

"डोंबलाचं चांगलं! सराव परीक्षेत अठराशे सत्तावन्नच्या उठावाची चार कारणं विचारली होती. निम्म्या वर्गानं लिहिलं, हा उठाव होता असं कोण म्हणतंय, ते आधी सांगा."

"अगं बाई! गुण?"

"भोपळा. मुख्याध्यापक म्हणाले, पोरं नापास झाली तर तुम्ही जबाबदार. म्हणून काल तयार उत्तरं फळ्यावर लिहिली आणि सांगितलं, घोका."

"घोकली?"

"मागच्या बाकावरची एक उठली. म्हणाली, बाई, हे लिहिताना तुम्ही घाबरला होतात का? मग यावर कितपत विश्वास ठेवायचा?"

"आगाऊच आहे कार्टी. तू काय म्हणालीस?"

"खरं तेच. म्हटलं, हो, फार घाबरलेय."

"आणि?"

"सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि उत्तरं उतरवून घेतली."

"सुटलीस की मग! आता रडतेस कशाला?"

"एकानंसुद्धा पुढे काही विचारलं नाही गं, मावशी."